फाटकावरचं मीठ

त्या गावात एखाद्या घराचा पाणउतारा करायचा असला, तर "त्यांच्याकडे मीठ विकत आणतात" एवढं म्हटलं की भागायचं. गावाच्या डोक्यावर मिठाचा डोंगर होता. डोंगराच्या पोटात खाण होती आणि खाणीच्या फाटकावर दर बुधवारी प्रत्येक कामगाराच्या घराला पिशवीभर खडे फुकट मिळायचे. गुलाबी झाक असलेले, मुठीत न मावणारे खडे. कामगार निवृत्त झाला तरी मिळायचे, वारला तरी त्याच्या बायकोला मिळायचे. पगाराला उशीर झालेला गावानं पाहिला होता, पण बुधवारचं मीठ चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. किराणा दुकानातल्या पाकिटबंद मिठाला हात लावणारा माणूस म्हणजे एकतर परगावचा, नाहीतर कामावरून काढून टाकलेला.

भट्टीवाली या दोन्हींतली नव्हती. तिचे वडील खाणीत होते, नवरा खाणीत होता, आणि आता एकुलता एक मुलगा खाणीच्या धक्क्यावर ट्रकांत माल चढवत होता. पावाची भट्टी तिला आईकडून मिळाली होती. गाव तिला तोंडावर मावशी म्हणायचं आणि पाठीमागे भट्टीवाली. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तापलेल्या ट्रेचे डाग, आणि गळ्यावर उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. गाठीचं कुणाला नवल नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांचे गळे सुजलेले होते. त्याला कुणी आजार म्हणत नसे. "आमच्या डोंगराचं पाणीच तसं," म्हणायचं आणि रुमाल गुंडाळून घ्यायचा. भट्टीवाली रुमाल बांधत नसे. "विस्तवाशी काम माझं," म्हणायची. "गळ्याभोवती फडकं गुंडाळलं, तर गाठीआधी मीच जाईन."

भट्टीची खोली लांबट आणि काळवंडलेली. एका टोकाला विटांची भट्टी, दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारी खिडकी, तेच दुकान. मध्ये पीठ मळायचं लाकडी टेबल आणि टेबलाच्या पायाशी पाण्याचं पिंप. पिंपात मिठाचा मोठा दगड दोरीच्या जाळीत बांधून कायम सोडलेला असायचा. तो हळूहळू विरघळायचा, पाणी खारं व्हायचं, आणि पिठात मिठाऐवजी तेच पाणी पडायचं. माप असं नव्हतंच. बोट बुडवून जिभेला लावायचं, की झालं. आईनं तसंच केलं होतं, तिनंही तसंच केलं.

टेबलाशी उभी असायची तिची धाकटी बहीण. गाव तिला मुकी म्हणायचं, घरात ती धाकटी होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलणं आलंच नाही, चालायला लागली तेव्हा तिच्याबरोबरची मुलं पळत होती. उंची बहिणीच्या खांद्याएवढी. पुष्कळशा गोष्टी तिला समजायला वेळ लागे, काही समजतच नसत. पण पीठ मळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. राग आला, की ती पिठाचा गोळा टेबलावर असा आपटायची की खिडकीशी उभं असलेलं गिऱ्हाईक दचकायचं, आणि मग ती खुदकन हसायची.

धाकटी अशी का झाली, याचं उत्तर गावाकडे तयार होतं. आईच्या भट्टीमुळे. पोटुशी असताना बाई त्या धगीपाशी उभी राहिली, पोरीचे कान पोटातच करपले. विहिरीवर, दवाखान्यात, लग्नघरात आईला हे ऐकून घ्यावं लागलं. पहिल्यांदा ती भांडली, मग रडली, मग गप्प झाली. शेवटच्या आजारपणात धाकटीचा हात हातात घेऊन ती थोरलीला म्हणाली होती, "मी दुसरा काही धंदा करायला हवा होता गं." थोरलीनं ते बोलणं कधी कुणाला सांगितलं नाही. पण सुनेला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी तिनं सुनेला भट्टीपासून उठवून खिडकीशी बसवलं. "इथं बसून नुसते पाव विकायचे. आत पाऊल टाकायचं नाही."

"आई, थंडीची मरते मी इथं," सून म्हणाली.

"मर. पण तिथंच."

सून हसली. ती हसली तशी सासूची नजर तिच्या गळ्यावर गेली आणि तिथंच अडकली. गळा खालच्या बाजूनं किंचित भरल्यासारखा दिसत होता. अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

त्याच सुमाराला दवाखान्यात नवी नर्सबाई आली. बारीक, चष्मेवाली, आणि चिवट. खांद्याला पिशवी लावून ती घरोघर फिरायला लागली आणि लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून मीठ दाखवा म्हणायला लागली. गावाची करमणूक झाली. मिठाच्या गावात येऊन बाई मीठ बघते! फिरत फिरत ती भट्टीवर आली.

"मावशी, तुमचं मीठ बघायचंय."

"त्यात बघायचं काय? गुलाबी आहे, खारट आहे. लग्न लावायचंय का त्याचं?"

नर्सबाई टेबलाशी आली. खड्याचा तुकडा घेतला, बशीत ठेचला, पिशवीतून इवलीशी बाटली काढली आणि एक थेंब टाकला. मीठ ओलं झालं, बाकी काही नाही. मग तिनं दुकानातलं पाकीट काढलं, त्यातलं चिमूटभर मीठ शेजारी ठेवलं आणि त्यावर दुसरा थेंब टाकला. ते मीठ बघता बघता शाईसारखं जांभळं झालं. धाकटी टाळ्या पिटायला लागली.

"काय जादू आहे ही?"

"जादू नाही. या पाकिटात आयोडीन आहे, तुमच्या खड्यात नाही. आपल्या गळ्यात इथं एक ग्रंथी असते. तिला ते रोज लागतं, अगदी कणभर. मिळालं नाही, की ती मिळेल तेवढं ओढून घ्यायला मोठी होत जाते." तिनं बोट वर केलं, पण गाठीकडे दाखवलं नाही. "म्हणून हे."

"आणि बाकीच्या जगाला कुठून मिळतं?"

"समुद्रातून, मावशी. मासळीतून, समुद्राजवळच्या मातीतून. शास्त्रज्ञ म्हणतात, फार फार पूर्वी सगळे जीव समुद्रातच होते. तिथं आयोडीनला तोटा नव्हता. पुढे काही प्राणी जमिनीवर आले, पण अंगाची सवय तीच राहिली. त्याच्याशिवाय वाढ होत नाही, मेंदू घडत नाही. डोंगरातली माती तर पावसानं धुऊन निघालेली असते. तिच्यात काही उरलेलं नसतं."

"म्हणजे माझ्या गळ्यात मासा अडकलाय म्हणा की," भट्टीवाली म्हणाली. मग भुवई चढवून तिनं विचारलं, "पण आमचा डोंगर म्हणजे आटलेला समुद्रच, असं शाळेत शिकवतात. मग त्यात नाही?"

"समुद्र आटताना मीठ खाली बसलं, आयोडीन त्याच्याबरोबर बसलं नाही. मीठ म्हणजे आयोडीन नव्हे. ते कारखान्यात वरून घालावं लागतं. मीठच का, तर मीठ सगळेच खातात, गरीब-श्रीमंत सगळे."

भट्टीवालीनं बशी हातात घेतली. त्या जांभळ्या डागावर बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून, तिचा आवाज जेवढा खाली येऊ शकत होता तेवढा आणून, म्हणाली, "एक विचारू? पोटुशी बाई भट्टीच्या धगीशी उभी राहिली, तर पोराचे कान जातात का?"

"धगीनं? कोण म्हणालं असं?"

"सगळं गाव म्हणालं. माझ्या आईला."

नर्सबाईनं चष्मा काढून पदराला पुसला. धाकटीकडे बघितलं. "इतक्या वर्षांनी मी छातीठोक सांगू शकत नाही. पण धगीनं कान जात नाहीत, एवढं नक्की. आईच्या अंगात आयोडीन नसलं, तर पोटातल्या मुलाचे कान, मेंदू नीट घडत नाहीत. या गावात अशी मुलं किती आहेत, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या सगळ्यांच्या आया काही भट्टी चालवत नव्हत्या."

भट्टीवाली पिठाच्या पोत्यावर बसली. दिवसाउजेडी, भट्टी पेटलेली असताना ती बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. धाकटीनं येऊन तिच्या केसांतलं पीठ झटकलं.

"सुनेचं काय आता?"

"दिवस नुकतेच गेलेत ना? मग आजपासून सुरू करा. आणि खालच्या गावातल्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना वाटलं तर ते गोळ्या देतील."

नर्सबाई गेली. भट्टीवालीनं उठून बाही सारली, पिंपात हात घातला आणि जाळीसकट दगड बाहेर काढून मागच्या अंगणात भिरकावला.

"आई!" सून खिडकीतून ओरडली. "वेड लागलं का?"

"लागायचं राहिलं होतं ते लागलं. दुकानात जा आणि मीठ आण. पाकिटातलं."

"मी? सगळ्यांच्या देखत?"

"मग काय बुरखा घालून जाणारेस?"

सून गेली आणि ओढणीखाली पाकिटं लपवून आली. घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आई, घालायचं तर घाला. पण कुणाला सांगू नका. लोकांना कळणारसुद्धा नाही, चव तीच असते म्हणे."

"का सांगू नको? चोरी करतेय मी? लोकांच्या तोंडात काय जातंय, ते लोकांना न सांगता घालू?" तिनं खडू घेतला आणि खिडकीच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: *आजपासून पावात दुकानाचं मीठ.*

आणि पहिल्याच घाण्याला तिनं स्वतःच्या हातानं सगळा घोटाळा केला. आयुष्यभर पिंपातल्या पाण्यावर पीठ भिजवलेलं, दुसरं काही ठाऊक नव्हतं. तिनं पाकिटं फोडून सगळं मीठ पिंपात ओतलं. दगड दिवसभर झिजत झिजत जेवढं मीठ सोडायचा, त्याच्या कितीतरी पट मीठ त्या पाण्यात एकदम विरघळलं. बोट बुडवून बघायचं, तर त्या दिवशी तिची जीभ रागानंच खारट झाली होती. पीठ फुगलं नाही. खमीर त्या मिठात मरून गेलं. पाव निघाले ते विटांसारखे, आणि पहिला घास घेतलेल्या माणसानं तो रस्त्यावरच थुंकला.

दुपारपर्यंत गोष्ट तिखटमीठ लावून सगळीकडे पोचली. औषधाच्या मिठानं पीठ मरतं. पीठ मरतं, तर पोटातलं पोर काय जगणार? खिडकीशी येऊन एकजण म्हणाली, "मावशी, घर बांधायला घेतलंय, पाव पाठवता का गाडीभर?"

"पाठवते. घराच्या पायात घाल," भट्टीवाली म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.

सुनेला वाटलं, आता दगड परत येणार. पण सासूनं पिंप आडवं करून पाणी ओतून टाकलं, ते पिंप उलटं करून धाकटीला बसायला दिलं आणि माळ्यावरचा तराजू खाली काढला. आईच्या पद्धतीचा असा निकाल लावताना तिला वाईट वाटलं असेल, पण हात थांबला नाही. मीठ कोरडं तोलायचं, पिठात थेट घालायचं. दुसऱ्या दिवशीचा पाव फिका निघाला, तिसऱ्या दिवशीचा बरा. आठवडा संपता संपता धाकटीनं गोळा आपटला आणि मान डोलावली. पाव पहिल्यासारखा झाला होता.

गिऱ्हाईक मात्र पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. खाणीच्या मुकादमानं कामगारांच्या खाणावळीला जाणारा तिचा पाव बंद केला. मुकादम तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त, तिच्या सासूच्या हातचं जेवून लहानाचा मोठा झालेला. तो स्वतः सांगायला आला, एवढा मोठेपणा त्यानं ठेवला.

"वहिनी, हे शोभत नाही. दादानं सबंध आयुष्य ज्या खाणीत घातलं, त्या खाणीचं मीठ तुम्ही अंगणात फेकता? माणसानं मिठाला जागावं."

"जागलेच की भाऊजी. तुमचे दादा जागले, माझे वडील जागले. आई तर एवढी जागली की पोरीचे कान गेले तरी स्वतःलाच दोष देत बसली. आता मला जरा झोपू द्या."

"त्या नर्सच्या नादी लागून परक्याचं मीठ..."

"मीठ परक्याचं असलं तरी नातवंड माझं आहे."

मुकादम उठला. दारात थबकून म्हणाला, "पोराचा तरी विचार करा. धक्क्यावर सुखात आहे तो."

ही धमकी होती, हे कळायला कुणी शिकलेलं असावं लागत नाही.

मुलाला ती आधीच कळली होती. त्या संध्याकाळी तो जेवायला बसला, पहिला घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "आजही पाकिटातलंच मीठ?"

"जेव मुकाट्यानं."

"मला आपलं हवं." तो उठला, कोनाड्यातला खडा काढला, बत्त्यानं ठेचला आणि जेवणावर भुरभुरला. जेवण अर्थातच खारट झालं. तोंड वाकडं न करता तो खात राहिला. "धक्क्यावर मला काय म्हणतात, माहितीय? पाकिटवालीचा पोरगा. आई, बाबा असते तर तुझी हिंमत झाली असती?"

"बाबा असते तर त्यांच्या ताटातही हेच मीठ पडलं असतं. आणि त्यांनी दुसरा खडा ठेचला असता, तर बत्ता मी हातातून काढून घेतला असता."

"तुझ्या हट्टापायी..."

"अहो," सून म्हणाली. या घरात आल्यापासून ती दोघांच्या मध्ये कधी बोलली नव्हती. मान खाली घालून तिनं गळ्यावरची ओढणी बाजूला केली. "इथं हात लावून बघा. मागच्या महिन्यात एवढं नव्हतं. आणि मला त्या खड्यातलं आता खायचं नाहीये. तुम्ही रागवा, नाहीतर काही करा." तिनं मिठाचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "परकं परकं म्हणता, एकदा हातात घेऊन बघा तरी."

मुलानं पाकीट उचललं, बहुधा फेकायलाच. मग उलटं केलं. मागच्या बाजूला कोपऱ्यात छोटी खूण छापलेली होती: गोलात तीन शिखरं. त्यानं ते दिव्याजवळ नेलं. ही खूण तो रोज बघत होता. पाठीवर घेतलेल्या प्रत्येक पोत्यावर ती रंगवलेली असायची.

त्यानं पाकीट खाली ठेवलं. हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. आईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "उद्या ट्रकवाल्याला एक विचारायचंय."

पुढच्या बुधवारी भट्टीवाली फाटकावर गेली. नर्सबाईकडून तिनं बाटली मागून आणली होती. "न्या," नर्सबाई म्हणाली होती, "आणि कुणी विचारलं तर माझी आहे म्हणून सांगा. बदलीच करतील फार तर. असल्या गावात आणखी वर बदली करायला जागाच नाही." सून बरोबर येऊ नको म्हटलं तरी आली. तिला दिवस गेल्याचं तोवर सगळ्या गावाला कळलं होतं.

फाटकाशी बायका-पुरुषांची रांग होती. काट्यावर मुकादम. भट्टीवालीचा नंबर आला, तिनं पिशवी पुढे केली, मीठ घेतलं, आणि बाजूला न होता काट्याच्या शेजारीच बशी मांडली.

"वहिनी, रांग खोळंबते."

"खोळंबू द्या. इतकी वर्षं सगळंच खोळंबलंय."

तिनं खडा फोडला, थेंब टाकला. मग पाकिटातल्या मिठावर टाकला. जांभळा डाग बघायला रांग मोडली आणि सगळे गोळा झाले. तिनं जे ऐकलं होतं ते सांगितलं, तिच्या शब्दांत. गळ्याचं सांगितलं, पोटातल्या पोरांचं सांगितलं. स्वतःच्या गाठीवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघा, आपल्या खाणीची पावती. सगळ्यांकडे आहे, फक्त तुम्ही रुमालात ठेवता."

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी, "काय बाई जीभ!" म्हणालं. मुकादम लालबुंद झाला. "रंगाचे खेळ दाखवून गावाला फसवता? ते परमुलखातलं मीठ, काय घालतात त्यात देव जाणे. आपलं मीठ शुद्ध आहे, आपल्या डोंगराचं आहे!"

"ते पण आपल्याच डोंगराचं आहे."

हा आवाज मागून, धक्क्याच्या बाजूनं आला. मुलगा पोतं खांद्यावर घेऊनच आला होता. त्यानं ते काट्याजवळ टाकलं, आईच्या हातातलं पाकीट घेतलं आणि पोत्यावरच्या खुणेशेजारी धरलं. गोलात तीन शिखरं, आणि गोलात तीन शिखरं.

"मी भरतो तो माल खालच्या कारखान्यात जातो," तो म्हणाला. "ट्रकवाल्याला विचारलं मी. तिथं दळतात, औषध फवारतात, पाकिटात भरतात आणि सगळ्या मुलखाला पाठवतात. आपल्या दुकानातसुद्धा. सगळ्यांना औषधाचं. फक्त आपल्याला बिनऔषधाचं."

लोक खुणा बघायला पुढे सरकले. मग रांगेतली एक म्हातारी, जिच्या घरी दोन मुकी मुलं होती, मुकादमाच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. "काय रे? खरं का हे?"

मुकादमाला उत्तर द्यावं लागलं नाही. आवाज ऐकून कचेरीतून साहेब बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की कंपनी हे मीठ आपखुशीनं देते. घ्यायचं की नाही, ही ज्याची त्याची मर्जी. कारखान्यात तयार झालेलं मीठ पुन्हा वर आणून वाटणं सोयीचं नाही.

"ट्रक वर येताना रिकामेच येतात की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

भट्टीवालीनं पिशवी उलटी केली. खडे साहेबांच्या बुटांपाशी गडगडत गेले. "घ्या साहेब. गुरांना चाटायला ठेवा, आणि पोसायची असतील तर त्यांना पण औषधाचं द्या. आम्ही मागतोय ते फुकट नको आहे आम्हाला, बरोबरीचं हवंय. जे बाहेरच्यांना, ते आम्हाला."

म्हातारीनं पिशवी उलटी केली. आणखी दोघी-तिघींनी केली. बाकीच्यांनी मात्र आपापल्या पिशव्या छातीशी घट्ट धरल्या आणि घरी गेल्या. हे लिहायलाच हवं, कारण पुढे गावात जो तो म्हणायला लागला, की आपण त्या दिवशी पिशवी उलटी केली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाला धक्क्यावरून काढून खाणीत खाली पाठवलं. तिथला अंधार, दमट हवा, डोळ्यांत जाणारी मिठाची भुकटी. पहिल्या संध्याकाळी तो डोळे चोळत घरी आला, जेवायला बसला, आणि ताटात पडलं ते मुकाट्यानं खाल्लं. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पस्तावतोस?"

"मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला. सुनेनं पाकीट पुढे केलं.

खाणावळीचा पाव खालच्या गावातून यायला लागला. तो वर पोचेपर्यंत वातड होई. हळूहळू कामगार घरून पाव आणायला लागले, आणि घरचा पाव कुठून येणार? भट्टीवालीकडून. तिच्या खिडकीवरच्या खडूच्या अक्षरांवर ती रोज सकाळी नव्यानं हात फिरवायची, म्हणजे पुसट झाल्यामुळे दिसली नाहीत असं कुणी म्हणायला नको.

सून बाळंत झाली. मुलगी झाली. सुनेचा गळा डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि नव्या मिठानं बराच उतरला होता. भट्टीवालीची गाठ होती तशीच राहिली. इतकी जुनी गाठ मिठानं जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. कापायची का, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "घशाला आवळायला लागली तर या सुरी घेऊन. नुसतं बरं दिसावं म्हणून नको." नात पाळण्यात असताना आजी खिडकीशी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची, आणि त्या आवाजासरशी पोरगी मान वळवून शोधायची, कोण एवढं ओरडतंय ते. सुनेला आधी हसू यायचं, मग डोळे भरायचे.

एक दिवस मुकादम आला. साहेबांचा निरोप होता: खाणावळीचा पाव पुन्हा सुरू करा, मीठ तुमच्या मर्जीचं घाला, आम्ही विचारणार नाही. निरोप सांगून झाल्यावर तो पाळण्यापाशी गेला. पोरीनं त्याचं बोट धरलं.

"ठणठणीत आहे की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच माया होती. "बघा वहिनी, उगाच एवढा बोभाटा केलात. ही अशीच ठणठणीत झाली असती. माझी चारही मुलं तेच खडे खाऊन मोठी झाली."

हे खोटं पाडता येण्यासारखं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. नर्सबाईनंही तिला तेच सांगितलं होतं. जे झालं नाही, ते कशामुळे झालं नाही, हे कुणी पाळण्यात दाखवू शकत नाही. तिनं ट्रेवरचं पीठ पुसलं.

"झाली असती, कदाचित. नसती झाली, तर तुम्ही तिच्या आईला सांगितलं असतं, की खिडकीतला वारा लागला म्हणून. पाव मिळेल, भाऊजी. उद्यापासून पाठवते."

"मग झालं तर. भांडण मिटलं. आता फाटकावर येऊन तमाशा नका करू."

"माझ्या घरातलं मिटलं. खालच्या आळीत तिघी पोटुशा आहेत. त्यातल्या एकीचा नवरा दुकानातलं मीठ घरात येऊ देत नाही, तुमच्या धाकानं. बुधवारी येतेच मी."

"कशाला पण? साहेब नाही म्हणालेत. दहा वेळा आलात तरी नाहीच म्हणतील."

"मग दहा वेळा म्हणतील."

बुधवारी ती गेली. रांगेत पुढे, काट्यासमोर, रिकामी पिशवी घडी घालून काखेत. मुकादमानं सवयीनं तिचं मीठ तोललं आणि पुढे धरलं. तिनं हात पुढे केला नाही.

"घ्या ना."

"नको."

"मग बाजूला व्हा, वहिनी. मागच्यांना येऊ द्या."

तिनं मागे वळून बघितलं. तिच्या पाठीशी ती दोन मुक्या मुलांची म्हातारी होती, म्हातारीमागे पावाची गिऱ्हाइकं, आणि त्यांच्यामागे खालच्या आळीतली ती पोटुशी, नवऱ्याला न विचारता आलेली, गळ्यावर रुमाल नसलेली. कुणीही पिशवी उघडली नव्हती.

"त्यांना कुठं घाई आहे," भट्टीवाली म्हणाली, आणि काट्याला टेकून नीट उभी राहिली.